पाळी गेल्यावरची आग, कोरडेपणा आणि सारखी लघवी : अंगावर काढू नका

आरोग्य पाठ
(गटाच्या मासिक बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा. वाचताना लाज वाटली तरी थांबू नका. बाकीच्या जणी ऐकायलाच बसल्यात.)



आधी दौंड तालुक्यातल्या आपल्या एका गटात घडलेली गोष्ट सांगते. ताईंचं नाव लिहीत नाही, पण गोष्ट लिहायला त्यांनीच परवानगी दिली.

बैठक चालली होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, आणि या ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं, ४० हजार रुपये. कारण विचारलं तर नुसतं म्हणाल्या, "दवाखाना." वय ५१, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. अध्यक्षताईंनी जवळ बसवून विचारलं तेव्हा हळू आवाजात बोलल्या, "पिशवी काढायचीय. लघवीला सारखी आग होतीय. रात्रीतून चार-चारदा उठावं लागतंय. खाज येतीय, जळजळतंय. खोकलं तरी थेंब सुटतो. एका दवाखान्यात दाखवलं, ते म्हणले पिशवी खराब झालीय, काढून टाका."

"लघवी तपासली का? सोनोग्राफी केली का?"

"नाही."

मग अजून एक गोष्ट बाहेर आली. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामाला येते. तिथून वरवंडपर्यंत दिंडीत चालायचा ताईंचा दरवर्षीचा नेम. दोन वर्षं त्या गेल्याच नव्हत्या. घरी सांगितलं, गुडघे दुखतात. खरं कारण हे होतं, की वाटेत लघवी सुटली तर काय करायचं?

गटाने कर्ज नाकारलं नाही. एवढंच ठरवलं, की आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं, गटातल्या एकीने सोबत जायचं, आणि ऑपरेशन खरंच लागत असेल तर त्याच दिवशी कर्ज मंजूर. पुढे काय झालं ते शेवटी सांगते. त्याआधी हा त्रास नेमका काय आहे ते समजून घेऊ. आपल्यापैकी निम्म्याच्या आसपास जणींना पाळी गेल्यावर यातलं काही ना काही होतंच.

हे होतं तरी काय?

सलग १२ महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं म्हणायचं. यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. आपल्याकडे ती साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास येते. काहींना चाळिशीच्या सुरुवातीला, काहींना पन्नाशीनंतर. चाळिशीच्या आधीच पाळी गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

पाळी चालू असते तोवर आपल्या बीजकोशातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार होतं. हे संप्रेरक फक्त पाळीसाठी नसतं. योनीमार्गाचं आतलं अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर ठेवायचं काम तेच करतं. लघवीची नळी आणि लघवीची पिशवी योनीमार्गाला चिकटूनच असते, तिच्या अस्तरालाही हेच संप्रेरक लागतं.

कालव्याचं आवर्तन बंद झालं की रानाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. वरची माती सुकते, मग भेगा पडतात. इथंही तसंच आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, जरा घासलं तरी चिरतं. योनीमार्गात काही चांगले जंतू राहत असतात. ते तिथं आंबटपणा टिकवतात आणि त्यामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. अस्तर पातळ झालं की या चांगल्या जंतूंचं खाणं संपतं, आंबटपणा कमी होतो, आणि शौचाच्या जागेचे जंतू पुढं सरकून लघवीत शिरतात. म्हणून एकाच बाईला आग, खाज आणि लघवीचा त्रास असं सगळं मिळून होतं.

पूर्वी डॉक्टर याला नुसता योनीमार्गाचा कोरडेपणा म्हणायचे. २०१४ साली तज्ज्ञांच्या संस्थांनी त्याला नवं नाव दिलं, कारण लघवीचा त्रासही त्याचाच भाग आहे हे पटलं. इंग्रजी अक्षरांत त्याला जीएसएम म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, डॉक्टरांपुढं उपयोगी पडेल.

आणखी एक. पाळी जाताना अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, तो त्रास बहुतेकींचा काही वर्षांनी ओसरतो. जीएसएमचं उलटं आहे. उपाय केला नाही तर तो आपोआप जात नाही, वाढत जातो. "होईल आपोआप बरं" म्हणून वाट बघू नका.

लक्षणं कोणती?

- मायांगाला कोरडेपणा, आग, खाज, चुरचुर. लुगड्याचा किंवा चड्डीचा काठ घासला तरी दुखणं.
- नवरा-बायकोच्या संबंधाच्या वेळी दुखणं, नंतर आग होणं, कधी थोडं रक्ताचं बोट लागणं.
- लघवीला जळजळ, म्हणजे आपण उन्हाळी लागली म्हणतो ती.
- सारखी लघवीला लागणं, रात्री उठावं लागणं, घाई होणं. दाराची कडी काढेपर्यंत दम न निघणं.
- खोकताना, शिंकताना, डोक्यावर पाटी घेताना लघवी सुटणं.
- वर्षातून तीन-तीनदा लघवीचं इन्फेक्शन होणं.

सगळी लक्षणं एकीलाच होतील असं नाही. ज्या ताई एकट्या राहतात, ज्यांचे मालक वारलेत, त्यांनाही हा त्रास होतो. "मला आता काय करायचंय" असं म्हणून त्यांनी मागं राहू नये. लघवीची आग नवरा आहे की नाही ते विचारून येत नाही.

आपण बोलत का नाही?

आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. १०० पैकी ९२ बायकांना अंगाचा काही ना काही आजार निघाला. आणि त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या बायका १०० मध्ये फक्त ८ होत्या. या बायका सगळ्या वयाच्या होत्या आणि आजारही वेगवेगळे होते, नुसता पाळी गेल्यानंतरचा त्रास नव्हता. पण बाई दुखणं अंगावर काढते, हे त्या आकड्यांनी साऱ्या जगाला दाखवलं.

आपल्या शिरूर-दौंडात तरी काय वेगळं आहे? कांदा काढणीला, ऊस खुरपायला सकाळी जायचं ते संध्याकाळी यायचं. रानात आडोसा नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही आणि लघवी दाबून धरायची. रांजणगाव, कुरकुंभच्या कंपनीत कामाला जाणाऱ्या बायकाही सुट्टीची वाट बघत लघवी धरून ठेवतात. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, आग वाढते, जंतू वाढतात. आग वाढली की बाई अजून कमी पाणी पिते. हे चक्र आपणच तोडायचं आहे.

दुसरं काही नाही ना? आधी तपासा

लक्षणं ऐकून लगेच "मला जीएसएम आहे" असं ठरवू नका. अशीच लक्षणं दुसऱ्या आजारांतही दिसतात.

१. साखर (मधुमेह). साखर वाढली की सारखी लघवी होते, मायांगाला खाज येते. रक्तातली साखर तपासा.
२. लघवीचं इन्फेक्शन. लघवी तपासून घ्या. सारखं होत असेल तर कल्चर तपासणी सांगतील. गोळ्यांचा कोर्स दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका.
३. अंग बाहेर येणं. खाली काही उतरल्यासारखं, गाठ लागल्यासारखं वाटतं. यावर व्यायाम, रिंग बसवणं असे उपाय आहेत. काहींना ऑपरेशन लागतं.
४. कातडीचे आजार. मायांगाच्या कातडीला पांढरे चट्टे पडून खूप खाज येत असेल तर डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायलाच हवं.
५. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकीने याची तपासणी करून घ्यायची असते. व्हीआयए नावाची साधी तपासणी असते, काही मिनिटांत होते. आशाताईंना किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारा.

उपाय : पायरी-पायरीने

*पहिली पायरी, घरची शिस्त.* मायांग साध्या पाण्याने धुवा. साबण, जंतुनाशक, तुरटीचं पाणी आत घालू नका. "स्वच्छ" करायच्या नादात उरलेसुरले चांगले जंतू मरतात आणि आग वाढते. शौचानंतर पुढून मागं धुवा. सुती चड्डी वापरा, ती उन्हात वाळवा. पाणी दिवसभरात ८ ते १० पेले प्या, झोपायच्या आधी दोन तास कमी करा. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.) चहा दोनदाच घ्या, चहाने लघवीची घाई वाढते. धना-जिऱ्याचं पाणी, सब्जा घ्यायला हरकत नाही, पोटात पाणी जातं. पण पातळ झालेलं अस्तर त्याने जाड होत नाही.

*दुसरी पायरी, ओलावा.* औषधाच्या दुकानात योनीमार्गाचा ओलावा टिकवणारी जेल मिळते. ती आठवड्यातून २-३ वेळा नियमाने लावायची असते. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर पाण्यात विरघळणारी जेली तेवढ्यापुरती वापरायची. काही जणी खोबरेल तेल लावतात. चुरचुर होत नसेल तर चालतं, पण निरोध वापरत असाल तर तेल लावू नका, निरोध फाटतो.

*तिसरी पायरी, खालच्या स्नायूंचा व्यायाम.* अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम लोकांपुढं आणला, म्हणून त्याला केगल म्हणतात. पैसा लागत नाही, चटई लागत नाही. बसून किंवा आडवं होऊन करायचा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवायचंय असं समजून आतले स्नायू आवळा आणि वर ओढा. ५ आकडे मोजा, सोडा, परत ५ आकडे थांबा. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. हळूहळू १० आकड्यांपर्यंत जा. श्वास धरू नका, पोट-मांड्या आवळू नका. आणि हा व्यायाम लघवी करताना करू नका. गुण यायला तीन महिने लागतात. भाकरी थापताना, एसटीत बसल्यावर, गटाचा हिशोब चालू असताना, कुठंही करता येतो, कोणाला कळतही नाही.

सारखी घाई होत असेल तर लघवीला घड्याळ लावा. आधी तासाला जायचं, मग सव्वा तासाला, मग दीड तासाला. असं करत पिशवीला परत धरायची सवय लागते.

*चौथी पायरी, डॉक्टरांनी दिलेली क्रीम.* वरच्या उपायांनी भागलं नाही तर कमी प्रमाणातल्या इस्ट्रोजेनची क्रीम किंवा योनीमार्गात ठेवायची गोळी देतात. आपल्याकडे इस्ट्रिऑल नावाची क्रीम मिळते. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा, अशी ती वापरतात. किती आणि कशी ते डॉक्टर सांगतील तसंच करा. फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवायला लागतो, पूर्ण गुण यायला दोन-तीन महिने. बरं वाटलं म्हणून बंद केलं की त्रास परत येतो. रान एकदा भिजवून वर्षभर भागतं का? तसंच हे.

ही क्रीम वारंवार होणाऱ्या लघवीच्या इन्फेक्शनवरही काम करते. १९९३ साली छापलेल्या एका अभ्यासात ९३ बायका होत्या, सगळ्यांची पाळी गेलेली, सगळ्यांना सारखं इन्फेक्शन. अर्ध्यांना खरी क्रीम दिली, अर्ध्यांना औषध नसलेली. औषध नसलेल्यांना वर्षाला सरासरी जवळजवळ ६ वेळा इन्फेक्शन झालं. खरी क्रीमवाल्यांना वर्षाला सरासरी एकदाही नाही, अर्ध्यावर.

"हार्मोनने कॅन्सर होतो म्हणे?"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पाळी गेल्यावर पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल धोके दिसले आणि तेव्हापासून भीती बसली. पण पोटात घ्यायची गोळी वेगळी आणि जागेवर लावायची थोडीशी क्रीम वेगळी. क्रीममधलं औषध रक्तात फार थोडं जातं. त्याच अमेरिकन पाहणीत क्रीमसारखे जागेवरचे उपाय वापरणाऱ्या बायकांवर पुढं अनेक वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यांच्यात स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही.

तरी दोन बाबतींत आपल्या मनाने क्रीम लावायची नाही. एक, स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल तर. दोन, पाळी गेल्यावर रक्त गेलं असेल आणि त्याचं कारण सापडलेलं नसेल तर. आणि मेडिकलवाल्याला विचारून क्रीम आणायची नाही. खाजेच्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं, ते चुकीच्या जागी लावलं तर कातडी अजून पातळ होते.

पिशवी काढणं हा यावरचा उपाय नाही

हे पाठ करून ठेवा. आग, कोरडेपणा, सारखी लघवी हा त्रास इस्ट्रोजेन कमी झाल्याने होतो. पिशवी काढून इस्ट्रोजेन वाढत नाही. उलट पिशवीसोबत बीजकोशही काढले तर ते एका दिवसात बंद होतं आणि हाच त्रास जास्त जोराने सुरू होतो. बीजकोश ठेवले तरी पाळी जायचं वय थोडं अलीकडं येऊ शकतं.

आपल्याकडच्या कारखान्यांना ऊस तोडायला बीडहून टोळ्या येतात, त्या बाया आपण दरवर्षी बघतो. २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय चाळिशीच्याही आत. काहींना पिशवी काढायची गरज खरंच असते, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग. पण ते तपासणीच्या कागदावर दिसलं पाहिजे. नुसतं "खराब झालीय" या शब्दावर नाही.

या गोष्टी दिसल्या तर एक दिवसही थांबू नका

- पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, एक थेंब असला तरी. अशा १० बायकांत साधारण एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. लवकर कळला तर बरा होतो.
- लघवीतून रक्त.
- थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर, पाठीत दुखणं.
- लघवी तुंबणं.
- घाण वासाचं पाणी जाणं, न भरणारी जखम, गाठ.

दवाखान्यात काय सांगायचं?

शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लाज वाटत असेल तर हे चार वाक्य कागदावर लिहून न्या आणि कागद पुढं करा:

"माझी पाळी ___ वर्षांपूर्वी गेली. मला कोरडेपणा / आग / लघवीची घाई / संबंधाच्या वेळी दुखणं आहे. पाळी गेल्यावर रक्त गेलं आहे / नाही. मला साखर, बीपी, कर्करोगाचा आजार आहे / नाही."

आतून तपासताना बाई डॉक्टर किंवा नर्स हजर असावी असं सांगायचा आपल्याला हक्क आहे. आणि ऑपरेशन सांगितलं तर तीन प्रश्न विचारा. कशामुळे? दुसरा उपाय आहे का? नाही केलं तर काय होईल?

घरी मालकांशीही बोला. बाई जवळ येत नाही म्हणजे तिचं मन उडालं असं नाही, तिला दुखतंय. हे त्यांना कोणी सांगितलंच नाही तर त्यांना तरी कसं कळणार?

त्या ताईंचं पुढं काय झालं?

गटातल्या एका मैत्रिणीबरोबर त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. लघवी तपासली, साखर तपासली, सोनोग्राफी झाली, बाई डॉक्टरांनी आतून तपासलं. पिशवी चांगली होती. लघवीत इन्फेक्शन होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. कोरडेपणावर क्रीम दिली आणि व्यायाम शिकवला. तीन महिन्यांनी आग गेली, रात्री चारदाऐवजी एकदा उठतात. जोराने खोकलं तर थोडा थेंब अजून सुटतो, व्यायाम चालू आहे.

४० हजारांचं कर्ज लागलंच नाही. आषाढात त्या यवतपासून वरवंडपर्यंत दिंडीत चालल्या. परत आल्यावर बैठकीत म्हणाल्या, "दोन वर्षं मी गुडघ्यांना उगीच बदनाम केलं बाई."

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात पाळी गेलेल्या किती जणी आहेत? त्यातल्या कितींनी गेल्या दोन वर्षांत साखर आणि बीपी तपासलं?
२. ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं तर "आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत" असा नियम करायचा का? कर्ज अडवण्यासाठी नव्हे, बाईला आधार द्यायला. तातडीच्या वेळी मात्र नियम बाजूला ठेवायचा.
३. दवाखान्यात सोबत जायला दोघी जणींची नावं ठरवा आणि आजच्या इतिवृत्तात लिहा.
४. रानात काम करताना आडोशाची आणि पाण्याची सोय कशी करता येईल?
५. शेवटी सगळ्यांनी मिळून व्यायाम १० वेळा करा. हसू येईल. येऊ द्या.